आधी नेट कुठपर्यंत आलंय ते बघा

सकाळी ८

रात्री डोंगराकडून वारं सुटलं की सोयगावात लाइट जाते, आणि लाइट गेली की सकाळी माझा फोन लवकर वाजतो. आज चहा हातात असतानाच वाजला. “भाऊ, टीव्ही नुसता गोल गोल फिरून राहिला. राउटर बदलून द्या.”

राउटर बदलणं हा शेवटचा उपाय. मी फोनवर सगळ्यांना आधी एकच गोष्ट करायला सांगतो. टीव्हीजवळ उभं राहा, मोबाइलचा डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवर एखादा व्हिडिओ लावा. चालला, तर नेट टीव्हीपर्यंत आलंय आणि अडचण टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या आसपास आहे. नाही चालला, तर राउटरवरचे दिवे सांगा. मोटर चालू असून टोकाच्या सरीला पाणी येत नसेल, तर शेतकरी मोटर खोलत बसत नाही, पाइप बघत जातो. आमचं कामही तेच.

सकाळी ९.३०

पहिल्या घरी एलओएसचा लाल दिवा. म्हणजे फायबरमधून पुरेसा प्रकाशच येत नव्हता. पॉवर मीटर लावला, उणे २९ डीबीएम. उणे २७ पर्यंत राउटर तग धरतो, त्याखाली नाही. कपाट सरकवताना तार मागे दाबली गेली होती. काचेची तार जास्त वाकली की प्रकाश वाकणातून बाहेर निसटतो. तार मोकळी केली, उणे २१ वर आलं. स्टिकला हातही लावावा लागला नाही.

सकाळी ११

निवृत्त गुरुजींचं घर. मुलगा अमेरिकेत असतो, सुटीत येताना त्याने स्टिक आणली. ती महिनोन्‌महिने चालली आणि आज अचानक घरचं वायफाय तिला दिसेना. गुरुजींनी रिमोट माझ्या हातात दिला. यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावं होती, फक्त यांचंच नव्हतं. मोबाइलवर मात्र तेच नाव पूर्ण रेंजसह.

मला हे कोडं आवडतं, कारण यात बिघडलेलं काहीच नसतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापराला खुला झाला. त्यात १३ चॅनेल येतात. अमेरिकेत मात्र रोजच्या वापरात १ ते ११ च असतात, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उपकरणांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. गुरुजींचा राउटर ‘ऑटो’वर होता. रात्री लाइट येऊन तो नव्याने सुरू झाला, त्याने सगळीकडे गर्दी बघितली आणि मोकळा दिसला म्हणून १३ वर जाऊन बसला. इथे घेतलेल्या मोबाइलला तो दिसतो, अमेरिकेच्या स्टिकला नाही.

राउटरचं पान उघडलं. शेजारी बहुतेक ६ वर होते, म्हणून चॅनेल १ कायमचा केला आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. १, ६ आणि ११ एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, म्हणून मी या तिघांच्या बाहेर जात नाही. स्टिकच्या यादीत नाव उमटलं.

“परत लाइट गेली तर?” काकूंनी विचारलं.

“गेली तरी आता १ वरच राहील, काकू.”

चॅनेल नंबर आणि आजची तारीख चिठ्ठीवर लिहून राउटरला चिकटवली. माझ्यानंतर दुसरा कोणी आला तर त्याला शोधाशोध नको.

दुपारी १

डबा. गुरुजींच्या मुलाने फोनवर ‘फॅक्टरी रिसेट करून टाका’ सांगितलं होतं. बरं झालं, त्यांनी केलं नाही. रिसेटने पासवर्ड जातात, ॲपं जातात आणि खरं कारण तसंच राहतं. मार्च २०२५ मध्ये गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम अडले. घराघरातलं वायफाय नीट होतं, कंपनीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. रिसेट करू नका, असं गूगलनेच सांगितलं. ज्यांनी आधीच केलं होतं, त्यांना ते पुन्हा जोडताना जास्त त्रास झाला. म्हणून रिसेटला माझा सक्त विरोध आहे, निदान कारण कळेपर्यंत.

दुपारी २.३०

फर्दापूर. अजिंठा लेणी बघायला आलेले लोक उतरतात असा एक लॉज. खोल्यांमधले टीव्ही ‘जोडलं, पण इंटरनेट नाही’ म्हणत होते. एका स्टिकचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने तिला पत्ताच दिला नव्हता. राउटरकडचे ५० पत्ते आधीच्या पाहुण्यांच्या मोबाइलच्या नावावर अडकलेले. पाहुणे निघून गेले, पत्ते मात्र २४ तास धरलेले. मुदत २ तासांवर आणली, पत्ते २०० केले आणि राउटर एकदा बंद-चालू केला.

संध्याकाळी ५

सोयगावात परत. धाब्याचं जुनं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्ही आजींच्या मागच्या खोलीत. कीर्तन सुरू झालं की अडकायचं. नातू म्हणाला, “दादा, ५ जीचं वायफाय लावा ना, स्पीड वाढेल.” ५ गिगाहर्ट्झ जवळ असेल तर वेगवान, पण अशी भिंत आली की २.४ पेक्षा लवकर दम सोडतो. इथे २.४ च बरा. साधं फुल एचडी बघायला ५ एमबीपीएस स्थिर मिळाले तरी भागतं.

टीव्हीच्या पाठीशी मोबाइल धरून सिग्नल बघितला, उणे ७७ डीबीएम. राउटर कपाटामागून काढून दाराच्या चौकटीवर, मोकळ्या जागी ठोकला, उणे ६७ झालं. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट. स्टिक टीव्हीच्या पत्र्याला चिकटून होती. खोक्यात न वापरलेली छोटी एचडीएमआय वायर पडून होती, ती लावून स्टिक बाजूला काढली. ही वायर त्याचसाठी दिलेली असते, आणि बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते. आजींनी पूर्ण कीर्तन बघितल्याशिवाय मला उठू दिलं नाही.

रात्री ८.३०

फोन. स्टिक आपोआप बंद होऊन सुरू होते म्हणे. “वीज कुठून दिलीय, ताई?” टीव्हीच्या यूएसबीमधून. तिथून बहुतेक अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो. वायफायचं काम वाढलं की ती कोलमडते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात लावायला सांगितला, फोन न ठेवता थांबलो. पाचेक मिनिटांनी ताई म्हणाल्या, “चालून राहिलं, भाऊ.” वहीत लिहून ठेवलं: उद्या सकाळी त्यांच्या शेजारच्या घरी, राउटरचा १२ व्होल्टचा बॅकअप जोडायचा.