नऊ महिने दडवलेला अहवाल

केरळमधल्या वायनाडच्या दरडी 30 जुलै 2024 च्या पहाटे कोसळल्या आणि 31 जुलैला केंद्राने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. सहावा. पहिला निघाला होता मार्च 2014 मध्ये. हरकतींना मुदत होती साठ दिवस. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात बसून ही बातमी दूरची वाटली नाही. वायनाडच्या डोंगरांतून येणारी कबिनी, आमच्याकडची कपिला, याच जिल्ह्यातून वाहते आणि शहराच्या पाण्यात तिचाही वाटा आहे.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ अहवालाचं नाव तेव्हा पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. तो लोकांच्या हाती कसा पडला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. माधव गाडगीळांच्या समितीने तो 31 ऑगस्ट 2011 रोजी पर्यावरण मंत्रालयाला दिला. मंत्रालयाने तो दडवला. माहिती अधिकारात एका नागरिकाने प्रत मागितली, तर उत्तर आलं की अहवाल अंतिम नाही, उघड केल्यास देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात आयुक्त शैलेश गांधींपुढे आलं. 9 एप्रिल 2012 च्या आदेशात त्यांनी अहवाल संकेतस्थळावर टाकायला सांगितलंच, शिवाय यापुढे समित्यांचे अहवाल हाती आल्यापासून 30 दिवसांत आपणहून प्रसिद्ध करा, असंही बजावलं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम तेच सांगतं: अर्जाची वाट पाहू नका. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, 17 मे रोजी हरलं आणि 23 मे रोजी अहवाल खुला झाला.

सिंधुदुर्गातल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी, आमचा परिसर संवेदनशील जाहीर करा, असे ठराव केले होते. त्यांची नोंद त्याच अहवालात आहे. ज्यांनी मागणी केली, त्यांनाच जवळजवळ नऊ महिने तो वाचता आला नाही!

वाचता येण्यात भाषाही आली. 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी-हिंदीतच निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत द्यायला सांगितलं. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत. भाषांतर करायचं सोडून सरकार त्या आदेशाविरुद्ध लढलं. मग कर्नाटक उच्च न्यायालयाने अंतिम अधिसूचनाच रोखली.

2024 च्या मसुद्यातल्या गावांच्या यादीत आमच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातली गावं आहेत, सिंधुदुर्गातलीही आहेत. इथे कन्नडमध्ये, तिथे मराठीत, मसुदा नकाशासकट ग्रामपंचायतीत लागायला हवा होता, आणि साठ दिवस त्या तारखेपासून मोजायला हवे होते.