बगीचा ताणावर आहे

डिसेंबर सरता सरता नागपूरहून काटोलकडे निघालात, तर वाटेत काही संत्र्याच्या बागा पाहून जीव हळहळेल. झाडं मलूल उभी असतात. पानं कडेने आत वळलेली, हिरव्या रंगावर फिकट पिवळी झाक, बुडाशी गळलेल्या पानांचा थर. काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. बाजूलाच विहीर आहे, विहिरीत पाणी आहे, मोटारही जोडलेली आहे. पण मोटार बंद. विचारलंत, तर वावरातला माणूस शांतपणे सांगेल, ‘बगीचा तानावर हाये.’

झाडाला जाणूनबुजून तहानलेलं ठेवायचं, याला इकडे ‘ताण देणं’ म्हणतात. काटोल हे नागपूरच्या वायव्येला सुमारे साठ किलोमीटरवर, जाम नदीकाठी वसलेलं तालुक्याचं गाव. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या चाळीस हजारांच्या थोडी वर. दिल्लीकडे जाणारा इटारसीचा लोहमार्ग इथूनच जातो. या गावाचं सगळं वर्ष ‘ताण’ या एका शब्दाभोवती फिरतं. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं: ज्या मुलखात पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य जातं, तिथल्या माणसाने तहानेलाच अवजार केलं.

यामागचं कारण संत्र्याच्या मूळ स्वभावात आहे. नागपुरी संत्रं उष्ण मुलखातलं नव्हे. त्याचं कूळ ईशान्य भारत आणि दक्षिण चीनकडचं. भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादहून नागपुरात आलं असं सांगतात. थंडी चांगली पडते अशा देशांत हे झाड हिवाळ्यात आपोआप थांबतं, विसावतं आणि वसंतात फुलतं. काटोलला पहाटे गारठा असतो, पण दुपारी ऊन चटकतं. एकट्या थंडीच्या भरवशावर झाड पुरतं विसावत नाही. पाणी मिळत राहिलं तर ते ‘नवती’ काढत बसतं, म्हणजे कोवळी पालवी. आणि फुलं येतात ती तुरळक, वर्षातून तीनदा, कधी इथे कधी तिथे. शेतकऱ्याला हवी असतात सगळी फुलं एकदम. मग थंडीचं राहिलेलं काम तहानेकडून करून घ्यायचं.

झाडाच्या आत काय घडतं ते फार सुंदर आहे. पाणी तुटलं की वाढ थांबते, पण पानं उन्हात साखर बनवायचं लगेच सोडत नाहीत. खर्च बंद, कमाई थोडी थोडी चालू; फांद्यांत आणि मुळांत शिलकीचा साठा वाढतो. पालवी फुटायला लावणारी संजीवकं ओसरतात. पानांत फुलण्याचा निरोप देणारं एक जनुक जागं होतं. लिंबूवर्गीय झाडांवरच्या प्रयोगांत हे जनुक थंडीनेही जागं होतं आणि पाण्याच्या ओढीनेही. पान होऊ पाहणारा डोळा फूल व्हायचं ठरवतो. इटलीतल्या सिसिली बेटावरचे लिंबूवालेही भर उन्हाळ्यात पाणी तोडून, मग एकदम सोडून, पुढच्या उन्हाळ्यात येणारी ‘वेर्देल्ली’ लिंबं काढतात. त्यांना आणि काटोलकरांना एकाच कुळातल्या झाडांकडून एकच धडा मिळाला.

ताण किती द्यायचा, हे जमीन ठरवते. नागपूर जिल्ह्याची पश्चिम बाजू दख्खनच्या लाव्हाच्या काळ्या खडकावर आहे. पूर्वेकडे रामटेक, मौद्याला खडक वेगळा, म्हणून तिकडे धान आणि इकडे संत्रं. त्या काळ्या खडकाची झालेली माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पाणी घट्ट धरून ठेवते. भारी जमिनीत झाडाला खरी तहान लागायला दीड ते दोन महिने जातात. हलक्या मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. झाडाची पाव ते एक तृतीयांश पानं गळली की ताण पुरा बसला असं समजतात. त्यापुढे गेलं तर फांद्या वाळतात. हा अंदाज यंत्रावर दिसत नाही. पान चिमटीत धरून, रंग पाहून, माती हातात चुरून तो बांधावा लागतो. मध्येच जानेवारीत अवकाळी पावसाची एक सर आली, की महिन्याभराची तहान वाया जाते.

मग एक दिवस ताण तोडतात. वखरणी करून, खत देऊन पहिलं पाणी बेताचं, दुसरं त्याहून जास्त. दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या कळ्यांनी झाड भरतं. हा आंबिया बहार. नाव पडलं ते त्याच सुमारास मोहरणाऱ्या आंब्यावरून. गावात शिरताना गाडीची काच खाली करा. तो वास सांगून कळत नाही. या बहाराची फळं ऑक्टोबरपासून येतात. त्यांची साल हिरवट दिसली तर आंबट समजून टाकू नका. सालीतला हिरवा रंग गार रात्रींशिवाय उतरत नाही, आत गोडी भरलेली असू शकते.

दुसरा बहार मृगाचा. त्याचा ताण भर उन्हाळ्यात बसतो, आणि तो तोडायचा असतो पावसाने. त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृग बहार धरणाऱ्याची छाती मोठी असते, कारण किल्ली त्याच्या हातात नसते.

अशाच तहानलेल्या एका मे महिन्यात, 22 मे 2012 रोजी दुपारी, काटोल परिसरावर आकाशातून दगड पडले. मोठ्या आवाजामागून उल्कापाषाणाचे तुकडे घरांजवळ, वावरांत सापडले. पुढे आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांनी त्यांत ब्रिजमनाइट हे खनिज कसं तयार झालं ते शोधलं. पृथ्वीच्या पोटात 660 किलोमीटरहून खोल हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथवर माणसाचा हात पोचत नाही. अवकाशात लघुग्रह आदळल्याच्या धक्क्याने ते या दगडात बनलं होतं. भूगर्भातल्या खनिजाचा एवढा दुर्मीळ नमुना काटोलच्या काळ्या मातीवर येऊन पडावा!

त्याच मातीखालच्या पाण्याची मात्र काळजी वाटते. इथला खडक पाणी धरतो ते फटींत आणि सांध्यांत, थोडं थोडं. विहिरी आटल्या तशा बोअर खोल गेल्या. शेजारच्या वरुड-मोर्शीत उपसा जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या पुढे गेला. आणि ताण देता येतो तो तोडायला पाणी असेल तरच. नाहीतर तो नुसता दुष्काळ. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. पण बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा इथला भाव पडला, आणि खोल बोअरचं कर्ज तसंच राहिलं.

मे महिन्यात एखाद्या बांधावर उभे राहा. अलीकडे आंबियाची फळं लहान, नुकती धरलेली. पारा पंचेचाळिशीकडे, आणि आता एक पाणी चुकलं तरी गळ होते, म्हणून रात्री वीज आली की मोटार सुरू. पलीकडे मृगाचा बगीचा, पानं मिटलेली, मोटार बंद. मधे हातभर बांध. दोन्हीकडचे मालक संध्याकाळी त्याच बांधावर बसून पश्चिमेकडे पाहतात.