टेकाम आडनाव आलं कुठून?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा दिवसभराचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. सालेकसा तालुक्यातली एक मुलगी, सध्या पुण्यात होस्टेलला. ती म्हणते, "दादा, माझं आडनाव टेकाम. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एकाने विचारलं, टेकाम म्हणजे टेकून काम करणारे का? सगळे हसले. मीपण हसली. पण रात्री वाटलं, खरंच, अर्थ काय आहे याचा? बाबांना फोन केला तर ते म्हणाले, आपलं आडनाव आहे, बस. तुम्ही सांगाल का?"

सांगतो ना.

आधी एक चुकीचा अंदाज बाजूला काढू. टेकाम आणि टेकाडे ही दोन आडनावं ऐकायला शेजारी वाटतात. पण टेकाड हा मराठी शब्द आहे, उंचवटा. टेकाम मराठी नाहीच. ते गोंडी आहे. गोंडीत 'टेका' म्हणजे साग. आपल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात, गडचिरोलीच्या आलापल्लीत उभा असतो तोच सागवान. टेकाम म्हणजे सागाच्या कुळातले लोक.

आता मजा बघा. गोंडी आपल्या मराठीच्या शेजारी राहते, पण तिचं घराणं वेगळं. ती द्रविड भाषा आहे, म्हणजे तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या नात्यातली. सागाला तेलुगूत 'टेकू' म्हणतात. सिरोंचाकडे कोणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. तमिळ आणि मल्याळममध्ये 'तेक्कु', कन्नडमध्ये 'तेग'. केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, जहाजांसाठी हे लाकूड नेऊ लागले, तेव्हा त्यांनी 'तेक्कु'चं 'तेका' केलं. त्याचंच पुढे इंग्रजीत झालं 'टीक'. आज फर्निचरच्या ॲपवर 'टीक वुड' अशी पाटी दिसते ना? तो 'टीक' आणि सालेकशातला 'टेकाम' एकाच शब्दाच्या दोन फांद्या आहेत. होस्टेलच्या त्या मुलाला हे जरूर सांग, ताई. त्याच्या घरचा सोफासुद्धा तुझ्या आडनावाचा असू शकतो.

झाडाचं आडनाव ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. जर्मनीत बिर्नबाउम, नुसबाउम, किर्शबाउम अशी आडनावं आहेत. 'बाउम' म्हणजे झाड. म्हणजे नाशपातीचं झाड, अक्रोडाचं झाड, चेरीचं झाड. यातली काही पत्त्यावरून आली. घराजवळ ते झाड होतं, किंवा गावातल्या घरावर त्या झाडाचं चिन्ह होतं. काही सरकारी हुकमामुळे आली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८७ मध्ये आणि प्रशियाच्या राजाने १८१२ मध्ये ज्यू कुटुंबांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं, तेव्हा अनेकांच्या कागदावर झाडं-फुलं आली.

आणि हा किस्सा तर मला फार आवडतो. सागाचं शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. 'टेक्टोना'चा संबंध ग्रीक 'टेक्टॉन', म्हणजे सुतार, या शब्दाशी लावतात. आर्किटेक्टमधला 'टेक्ट' तोच. हे नाव छापून आलं १७८२ मध्ये, आणि देणारा होता स्वीडनचा कार्ल लिनियस. प्रसिद्ध लिनियस नाही, त्याचा त्याच नावाचा मुलगा. आता हे लिनियस आडनाव कुठलं? त्याच्या आजोबांनी, घरच्या जमिनीवर एक मोठं लिंडनचं झाड होतं, त्यावरून ते घेतलं होतं. म्हणजे एका झाडाच्या आडनावाच्या माणसाने दुसऱ्या झाडाचं बारसं केलं. त्या दुसऱ्या झाडाच्या नावाने इकडे पिढ्यान्पिढ्या माणसं राहत होती, हे त्याच्या गावीही नसेल.

पण एक मोठा फरक आहे, आणि बाबांनी जे सांगितलं नाही ते इथे आहे. जर्मन बिर्नबाउमने नाशपातीचं झाड तोडलं तर कोणी विचारणार नाही. गोंडी परंपरेत मात्र कुळाचं झाड घरच्या माणसासारखं. त्याला इजा करायची नाही. परंपरा सांगते की गोत्रं ७५०, आणि प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी, एक पक्षी जपायचा. गुणाकार करा, २२५० होतात. बाईकच्या नंबरप्लेटवर किंवा जीपच्या काचेवर नुसतं '७५०' लिहिलेलं पाहिलंय ना? ते हेच.

दुसरं, लग्न. टेकाम-टेकाम लग्न होत नाही, ते तर आहेच. पण गोंड समाजात कुळांची वाटणी देवांच्या संख्येवर असते: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. कोणतं कुळ किती देवांचं हे भागाभागात बदलतं. मात्र ज्यांची संख्या सारखी, ते एकमेकांचे भाऊ-बहीण. आडनावं वेगळी असली तरी सोयरीक जमत नाही. म्हणून लग्नाची बोलणी सुरू झाली की म्हातारी माणसं पगाराच्या आधी विचारतात, "किती देवे?" आपल्याला वाटतं जुनाट चौकशी चाललीय. ते खरं तर नातं मोजत असतात.

ही सगळी व्यवस्था पारी कुपार लिंगोने लावून दिली अशी श्रद्धा आहे, आणि ती कथा जोडलेली आहे कचारगडच्या गुहेशी. तेच कचारगड, दरेकसा स्टेशनच्या जवळचं, सालेकसा तालुक्यातलं. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून लोक येतात. म्हणजे आमची श्रोती जिथून पुण्याला गेली, त्याच तालुक्यात तिच्या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी जमतं.

बाकीची झाडंही पटकन सांगतो. मरकाम आडनाव 'मरका' म्हणजे आंब्यावरून. इरपाचे हे मोहावरून, मोहफुलाला गोंडीत 'इरपू'. तुमरेची तेंदूवरून. बिडीच्या पानाचा तेंदू गोंदियाला वेगळा सांगायला नको.

हे आडनाव किती पसरलंय? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडे बालाघाट, मंडला, छत्तीसगड, खाली आदिलाबाद. राज्यांच्या सीमा नंतर आल्या, कुळं आधीची. गोंदिया तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होता, आणि १९५६ पर्यंत भंडारा-बालाघाट एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. मग भंडारा इकडे आला, बालाघाट तिकडेच राहिला. त्यामुळे एकाच कुळाचे लोक इकडे मराठीत 'मडावी' लिहितात आणि तिकडे हिंदीत 'मरावी'. टेकामचंही कुठे 'टेकम' होतं.

हे स्पेलिंग प्रकरण गमतीचं नाही बरं. जात वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी काढायला जाता, तेव्हा जुन्या कागदावर कधी नुसतं नाव आणि पुढे 'गोंड' असतं, कधी आडनाव वेगळ्याच अक्षरांत. अर्ज भरायच्या आठवड्यात हे कळलं तर धावपळ होते. म्हणून बारावीची वाट न बघता घरातले जुने दाखले एकदा मोबाईलवर स्कॅन करून ठेवा, आणि कुठल्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

बाबांना अर्थ का माहीत नव्हता, त्याचंही उत्तर आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत गोंड समाज एक कोटीच्या वर, आणि गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख. भाषा घरातून गेली, आडनाव राहिलं. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, मग 'टेका' म्हणजे साग हे सांगणार कोण? बाबांवर रागावू नकोस, ताई. एकदा आजीला विचारून बघ.

आणि हो, शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली होती. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे फॉन्ट टाकला की तुमच्या फोनवर दिसू शकते.

आजचा भाग एवढाच. तुमच्या आडनावात झाड, प्राणी, पक्षी काही लपलंय का? घरच्या मोठ्यांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. जय सेवा!