बाईंच्या हातातला फोन काढून घेऊ नका : शिक्षकांना रोजची डिजिटल कामं शिकवायची कशी?

(आजच्या भागाचं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून घेतलेलं शब्दांकन)

 

तुमच्या घरात, शेजारी किंवा गावातल्या शाळेत कुणीतरी शिक्षक असणारच. आणि महिन्यातून दोनतीनदा तुम्हाला हे वाक्य ऐकू येत असणार : "अरे, जरा हे बघ ना, अपलोडच होत नाहीये." आजचा भाग तुमच्यासाठी आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यामुळे हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकतोय. पुढे तिच्या केंद्रातले बाकीचे बाई-सर पण विचारायला लागले. त्यातून काय उपयोगी पडतं आणि काय नाही, हे बऱ्यापैकी लक्षात आलंय. तेच आज सांगतो.

आधी, हे एवढं महत्त्वाचं का?

एक साधा हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा अशा द्विशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी, चार वर्ग, दोन माणसं. पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, फोटो पाठवा, लिंक भरा, "आज दुपारपर्यंत तातडीने" असे मेसेज. यातल्या एका कामात एक शिक्षक तासभर अडकला की दुसऱ्याकडे चारही वर्ग जातात. म्हणजे त्या तासाला शिकवणं होत नाही, मुलं सांभाळणं होतं. आपण एखाद्या बाईंचा अर्धा तास वाचवला, तर तो थेट मुलांना मिळतो.

आणि एक गैरसमज काढून टाकू. "शिक्षकांना टेक्नॉलॉजी येत नाही" हे आपण फार सहज म्हणतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याच लोकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्ग चालवले. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड तुम्ही पाहिले असतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडण्याचं काम केलं आणि त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तेव्हा येत नाही असं नाही. शांतपणे शेजारी बसून दाखवणारं कुणी मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

तीन नियम, शिकवण्याआधी

पहिला : फोन त्यांच्याच हातात राहू दे. आपण काय करतो? "द्या इकडे" म्हणतो, टकाटक चार बटणं दाबतो आणि फोन परत देतो. काम झालं, पण त्यांना काय दिसलं? फक्त आपला अंगठा. पुढच्या महिन्यात परत तोच फोन येणार. म्हणून आपण बोट फक्त दाखवायला वापरायचं. दाबायचं त्यांनी. पहिल्यांदा वेळ जास्त लागतो. तिसऱ्यांदा लागत नाही.

दुसरा : ॲपपासून नाही, कामापासून सुरुवात करा. "आज आपण गूगल ड्राइव्ह शिकू" असं म्हटलं की समोरच्याचा चेहराच पडतो. "या आठवड्यात कुठलं काम डोक्याला ताप देतंय?" असं विचारा. उत्तर येतं, "दाखल्याची पीडीएफ मागितलीय." मग ड्राइव्ह आपोआप येतं.

तिसरा : वहीत लिहू द्या. तुम्ही हसाल, पण शिक्षकांना लिहून लक्षात राहतं, ती त्यांची सवय आहे. फक्त "वर उजवीकडे तीन टिंबं दाबा" एवढंच लिहिलं तर अपडेट आल्यावर टिंबं हलतात आणि वही बाद होते. शेजारी कारणही लिहायला सांगा : "फाइल कुठे ठेवायची ते निवडण्यासाठी." मग बटण हललं तरी शोधता येतं.

आता कामांकडे वळू. सगळ्यात जास्त विचारली जाणारी पाच कामं घेतो.

१. मराठी लिहिणं

बऱ्याच शाळांमध्ये जुन्या कॉम्प्युटरवर कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका असतात. त्या फोनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बाईंना वाटतं फाइल बिघडली. फाइल ठणठणीत असते.

होतं काय, की कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच. तुम्हाला "का" दिसतं तिथे आत इंग्रजी डी आणि के ही अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून कपडे उतरतात आणि डी-के उघडे पडतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कुठल्याही फोनवर तसंच दिसतं.

बाईंना हे एवढं सांगितलं की पुरतं. मग दोन गोष्टी करा. जुन्या फाइलींसाठी फॉन्ट कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर एकदा वाचून घ्या, कारण जोडाक्षरं अधूनमधून गडबडतात. नवीन लिहिण्यासाठी जीबोर्डवर मराठी भाषा जोडा आणि माइकचं बटण दाखवा. गूगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आणली. शिक्षकांना ती सगळ्यात जास्त आवडते, कारण स्पष्ट उच्चारात, थांबून थांबून बोलणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतात.

२. कागदाची पीडीएफ

हे पटकन सांगतो. फोटो काढून पाठवणं आणि स्कॅन करणं यात फरक आहे. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय असते, वेगळं जाहिरातींचं ॲप घ्यायची गरज नाही. ती कडा कापते, कागद सरळ करते आणि पानं एकाच पीडीएफमध्ये जोडते.

अडचण येते ती साइझची. पोर्टल म्हणतं, समजा, २०० केबीच्या आत हवं. फोनचा फोटो असतो ४ एमबी. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी, म्हणजे फोटो वीसपट मोठा आहे. "डब्यात मावत नाही" एवढं सांगा, लगेच कळतं. स्कॅन करताना रंगीतऐवजी काळं-पांढरं निवडलं की साइझ बरीच उतरते.

आणि फाइलला नाव द्यायला लावा. नुसत्या आकड्यांच्या नावाची फाइल सहा महिन्यांनी सापडत नाही. "दाखला_चौथी_जून२०२५" सापडते.

३. निकालपत्रक

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो. तिसरी-चौथीचं उदाहरण घ्या. आकारिक मूल्यमापनाचे ६० आणि संकलितचे ४० असे गुण, त्यांची बेरीज, मग श्रेणी. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, असं खाली इ-२ पर्यंत. प्रत्येक मुलाचे, प्रत्येक विषयाचे, दोन्ही सत्रांचे. अनेक शिक्षक हे कॅल्क्युलेटर आणि पेन घेऊन रात्री बसून करतात.

स्प्रेडशीटमध्ये दोनच फॉर्म्युले लागतात. बेरजेसाठी सम आणि श्रेणीसाठी व्हीलुकअप. बाजूला एक छोटा तक्ता करायचा : ० समोर इ-२, २१ समोर इ-१, ३३ समोर ड, ४१ क-२, ५१ क-१, ६१ ब-२, ७१ ब-१, ८१ अ-२, ९१ अ-१. तक्ता लहान आकड्याकडून मोठ्याकडेच हवा. फॉर्म्युला मुलाच्या गुणांइतका किंवा त्याच्या लगेच खालचा आकडा शोधतो आणि समोरची श्रेणी उचलतो. ७६ असतील तर ७१ वर थांबतो, ब-१ देतो.

इथे एक खास आपल्याकडची अडचण आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना "७६" असे देवनागरी आकडे टाकले तर बऱ्याचदा शीट त्यांना आकडा न समजता अक्षरं समजतं. मग बेरीज शून्य! बाई म्हणतात, "बघ, म्हणून मी वहीच बरी म्हणते." ओळखायची खूण सोपी : शीटला आकडा समजला तर तो चौकटीत उजवीकडे चिकटतो, अक्षर समजलं तर डावीकडे. गुण भरताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, नावं भरताना मराठीवर.

पहिल्या वेळी पाच मुलांचे निकाल हातानेही काढायला सांगा आणि शीटशी ताडून बघा. विश्वास तिथे बसतो. आपण कितीही "बरोबर असतं हो" म्हटलं तरी बसत नाही. आणि बसूही नये, गुण मुलांचे आहेत.

४. वर्गात नेटशिवाय दाखवणं

शाळेला लोकवर्गणीतून टीव्ही मिळालेला असतो, नेट मात्र खिडकीपाशी एक काडी. फोनवरून कास्ट करायला फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, आणि सगळ्याच फोनमधून केबलने चित्र बाहेर येत नाही. म्हणून मी सांगतो : पेन ड्राइव्ह. जुना वाटेल, पण तो दगा देत नाही.

दोन गोष्टी समजावून द्या. यूट्यूबवर "डाउनलोड" केलेला व्हिडिओ फक्त यूट्यूब ॲपमध्येच चालतो, तो पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. स्वतः काढलेला व्हिडिओ किंवा रीतसर मिळालेली फाइल घेता येते. दुसरं, ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत, पण बहुतेक टीव्ही पेन ड्राइव्हवरची पीडीएफ उघडत नाहीत. उपाय : फोनवर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोटो म्हणून टाका. फोटो टीव्ही दाखवतो. नकाशा, आलेख, विज्ञानाची आकृती अख्ख्या वर्गाला एकदम दिसते, आणि मागच्या ओळीतल्या मुलाला मान उंच करावी लागत नाही.

५. सुरक्षितता, आणि मुलांची माहिती

हे शेवटी सांगतोय, पण वगळू नका. शिक्षकांचे नंबर असंख्य ग्रुपवर असतात आणि "तातडीने भरा" या शब्दाला ते लगेच प्रतिसाद देतात, कारण कामच तसं आहे. फसवणारे हीच घाई वापरतात. म्हणून एक ओळ वहीत पहिल्या पानावर : व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल कधीच उघडायची नाही, अगदी ओळखीच्या सरांकडून आली तरी. त्यांचाच फोन आधी फसलेला असू शकतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन.

शाळेच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडलं असेल तर "लिंक्ड डिव्हायसेस"मध्ये जाऊन ते बंद केलंय ना, हे दाखवा. मी हे एकेकाला तपासायला सांगतो तेव्हा जुनी, विसरलेली नावं तिथे निघतात.

आणि मुलांची आधार कार्डं. ग्रुपवर फोटो टाकले जातात, शंभर फोनांमध्ये ते उतरतात, तिथून कुठे जातात कुणालाच ठाऊक नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सवय साधी आहे : ग्रुपवर नको, ज्यांनी मागितलं त्यांनाच पाठवा, आणि चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पालकांनी तो कागद बाईंकडे विश्वासाने दिलेला असतो.

मग तुम्ही काय करायचं?

सगळं एका दिवसात शिकवू नका. एक तास, एक काम. शनिवारी शाळा सकाळची असते, ती वेळ बरी पडते. आठवड्याने परत जा आणि विचारा, "मागचं काम तुम्ही एकट्याने केलंत का?" केलं असेल तर पुढचं घ्या. नसेल तर तेच पुन्हा, फोन त्यांच्याच हातात ठेवून. आणि एक शिक्षक तयार झाले की शेजारच्या शाळेतल्या बाईंना त्यांनाच शिकवू द्या. आपल्यापेक्षा ते छान शिकवतात, अनुभवाने सांगतो.

बोलताना "सोपं आहे हो, लहान पोरंही करतात" हे वाक्य मात्र टाळा. ते ऐकल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तुमच्या शाळेतल्या बाईंचं किंवा सरांचं कुठलं काम अडलंय, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. जास्त प्रश्न आले तर निकालपत्रकाचा एक वेगळा भाग करू, सावकाश, एकेक चौकट भरत. तोपर्यंत, भेटूया पुढच्या भागात!