केसपेपरावर चितारलेला डोळा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात लोक जातात ते पोथ्या आणि चित्रं बघायला. तिथल्या एका जुन्या दप्तराकडे मात्र रुग्णालय चालवणाऱ्यांनी मुद्दाम जावं. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार घेतलेल्यांचे ते केसपेपर आहेत. रोग्याची हकीकत आणि उपचार कुठे मोडीत, कुठे इंग्रजीत लिहिलेले, आणि सोबत त्याच रोग्याचा डोळा रंगांत चितारलेला. रोगी बहुतेक मोतीबिंदूचे.

राजे १७९८ मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांच्याकडे किल्ला तेवढा उरला. राज्य गेलेला माणूस एक तर शिकारीत रमतो, नाही तर तक्रारअर्जांत. हे राजे ग्रंथ, छापखाना आणि मोतीबिंदू यांत रमले. १८३२ मध्ये ते वारले, तेव्हा राँटगेनचे क्ष-किरण अजून ६३ वर्षं दूर होते. शरीराच्या आत बघायची सोय नव्हती. पण पांढरी पडलेली बाहुली बाहेरूनच दिसते, म्हणजे ती चितारून ठेवता येते. चित्र काढून निदान जपायचं तर डोळ्याइतका सोयीचा अवयव नाही.

या केसपेपरात मला मोठी वाटते ती मांडणी. माणूस, तक्रार, चित्र आणि उपचार एकाच ठिकाणी. आजच्या एक्स-रे विभागात नेमकी हीच चौकडी फुटते. नाव एका खिडकीवर, तक्रार वॉर्डातल्या चिठ्ठीवर, चित्र यंत्रात, मत डॉक्टरांच्या टेबलावर. मग विभागाचा अर्धा दिवस या चौघांची गाठ घालून देण्यात जातो.

नावाचंच बघा. तमिळ मुलखात आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे आपलं नाव. सकाळच्या रांगेत दोन ‘आर. मुरुगन’ सहज निघतात. म्हणून रुग्णक्रमांक हवा, आणि तो एकदाच टाइप व्हायला हवा. रुग्णालयाच्या संगणकातली नोंद थेट यंत्राच्या पडद्यावर आली, की टेक्निशियनने नाव पुन्हा लिहायचं कारण उरत नाही. ही देवाणघेवाण होते ती डायकॉम या नियमावलीमुळे. १९९३ पासून त्या नावाने चालत आलेल्या या नियमांमुळे एका कंपनीच्या यंत्राचं चित्र दुसरीच्या संगणकावर उघडतं. चित्रं साठवणारी पॅक्स व्यवस्था त्याच पायावर उभी आहे.

उशीर झाला की नवं यंत्र मागायची आपल्याकडे खोड आहे. खरं तर सीटीचं प्रत्यक्ष चित्रण काही सेकंदांत आटोपतं. वेळ खातं ते आजूबाजूचं सगळं. औषध टोचायचं, तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट आलेला नाही. रोगी उपाशी यायला हवा होता, तो इडली खाऊन आलाय. स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही. एमआरआयच्या दारात पोचल्यावर बाई मंगळसूत्र नि पैंजण उतरवायला लागतात. यातलं बरंचसं आदल्या संध्याकाळी वॉर्डातच निस्तरता येतं. त्यासाठी एक नर्स आणि एक तपासणी-यादी पुरते. पण यादीच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत.

तमिळनाडूने यंत्रांची सोय मात्र शहाणपणाने केली. १९९४ मध्ये स्थापन झालेलं तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन सरकारी रुग्णालयांसाठी औषधं खरेदी करतं आणि तिथली सीटी-एमआरआय केंद्रंही ठरावीक दरात चालवतं.

उरतो तो रिपोर्ट, आणि खरी अडचण तिथेच आहे. यंत्र दिवसभर चित्रं ओतत राहतं, वाचणारे डोळे मोजकेच. त्यात दर थोड्या वेळाने फोन: “डॉक्टर, आमचा झाला का?” चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्याला सगळं पोट धुंडाळावं लागतं, ‘तीन दिवस उजव्या बाजूला, तापासह’ असेल, तर नजर कुठे टाकायची ते कळतं. मागचं चित्र शेजारी उघडलं, तर निम्मे प्रश्न मिटतात. फोन घ्यायला दुसरा माणूस बसवला, तर उरलेल्यांसाठी वेळ मिळतो. आणि चित्रं आल्या क्रमाने वाचायची नसतात. मेंदूत रक्तस्राव दिसतोय असं टेक्निशियनला वाटलं, तर त्याने रांग मोडून डॉक्टरांना उठवावं आणि डॉक्टरांनी, टंकलेखनाची वाट न बघता, वॉर्डाला स्वतः फोन करावा.