मोत्याचं पोतं आणि मनीची वाकळ



घरातली अंथरुणं आपण दिवाळीला, पाडव्याला बाहेर काढतो. गोधड्या नदीवर नेतो, नाहीतर बोअरच्या पाण्यावर धुतो, कडक उन्हात वाळवतो. पण पडवीतलं कुत्र्याचं पोतं शेवटचं कधी धुतलं ते आठवतंय का? आणि चुलीजवळ मांजर जिच्यावर झोपतं ती जुनी वाकळ? बहुतेक घरांत ते पोतं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. फाटलं की फेकायचं आणि दुसरं टाकायचं, एवढंच. आज आपण त्या पोत्याबद्दलच बोलणार आहोत, कारण घरातल्या लेकरांच्या अंगावर उठणारी खाज पुष्कळदा तिथूनच आलेली असते.

आधी पिसवांचं गणित समजून घेऊ. कुत्र्याच्या अंगावर पिसवा दिसल्या की आपण म्हणतो, कुत्र्याला पिसवा झाल्या. पण अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या झालेल्या पिसवा. त्या शंभरात जेमतेम पाच असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष होऊन पोत्यात, वाकळीत आणि जमिनीच्या भेगांत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, जनावर हललं की खाली सांडतात. जनावर सगळ्यात जास्त वेळ जिथे लोळतं तिथेच ती जास्त पडतात. अंड्यातून निघालेली अळी उजेड टाळते आणि पोत्याच्या विणीत खोल शिरते. पिसवांच्या विष्ठेत वाळलेलं रक्त असतं, त्यावर ती जगते. मग कोष करते. कोषातली पिसू कित्येक आठवडे गप्प बसून राहू शकते. पोत्यावर कुणी बसलं, पाऊल पडलं, ऊब लागली की ती बाहेर उडी मारते.

म्हणूनच औषध लावूनही पंधरा दिवसांत पिसवा परत दिसतात. औषध खोटं नसतं. आपण कुत्र्याला औषध लावतो आणि त्याच जुन्या पोत्यावर त्याला परत झोपवतो. औषधाचे पैसे जातात आणि पिसवा राहतात.

गोचिडाचंही असंच आहे. कुत्र्याच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा अंथरुणाखाली जाते आणि हजारो अंडी घालते. गोचीड काढताना बोटांनी चिरडू नका. चिमट्याने उचला आणि चुलीत टाका.

यात माणसाला काय धोका, असं कुणी विचारेल. पिसवा माणसालाही चावतात. खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात. जमिनीवर झोपणाऱ्या आणि रांगणाऱ्या मुलांना हा त्रास जास्त होतो. पिसवांतून कुत्र्या-मांजराच्या पोटात एक चपटा जंत जातो. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. वाकळीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ती त्या जंताची खूण असू शकते. मांजराच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा असेल आणि मुलाच्या हातावर तसाच खाजणारा गोल डाग उठला असेल, तर तो नायटा असू शकतो. नायट्याचे जंतू गळलेल्या केसांबरोबर अंथरुणात महिनोन्‌महिने टिकतात. मुलाला डॉक्टरांना दाखवा, मांजराला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि वाकळ जाळून टाका.

पोत्यात पिसवा आहेत की नाहीत, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. पांढरं फडकं ओलं करून खाली पसरा आणि त्यावर पोतं झटका. काळे बारीक कण पडतील. थोडा वेळ थांबा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. डाग पसरला नाही तर ती साधी माती.

आता धुण्याकडे वळू.

पहिलं काम झटकण्याचं. पोतं कोरडं असतानाच घरापासून आणि गोठ्यापासून लांब न्या. काठीवर टाकून बडवा आणि खराट्याने केस काढा. केस ओले झाले की विणीत घट्ट बसतात, मग निघत नाहीत. पडलेला केर गोळा करून जाळून टाका. नाका-तोंडाला पदर बांधा. हे काम घरातल्या पुरुषांनाही सांगता येतं, त्यात अवघड काहीच नाही.

दुसरं, आधी गार पाणी. लघवी, विष्ठा किंवा रक्ताचा डाग असेल तर गार पाण्यात बुडवून चोळून काढा. आधीच गरम पाणी ओतलं तर डाग पक्का बसतो.

तिसरं, गरम पाणी. पिसवांची अंडी आणि अळ्या मारायला साधारण ६० अंश गरम पाणी लागतं. थर्मामीटर कशाला हवा? घमेल्यात एक तांब्या साधं पाणी घ्या, त्यात दोन तांबे उकळतं पाणी ओता. हे पाणी हात घालता येणार नाही इतकं गरम असतं. ओतताना मुलांना लांब ठेवा. कपड्याची पावडर टाका, पोतं काठीने पूर्ण बुडवा आणि वर झाकण ठेवा, म्हणजे ऊब टिकते. अर्धा तास तसंच राहू द्या. मग काठीने ढवळा आणि निवल्यावर चोळा.

चौथं, खळबळून धुणं. साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यातून काढा. पोत्यात राहिलेल्या साबणाने जनावराच्या कातडीची आग होते, आणि मांजर तर अंग चाटतं. पाणी कमी असेल तर शेवटचं पाणी पुढच्या पोत्याच्या पहिल्या धुण्याला वापरा. हे धुणं घरच्या कपड्यांबरोबर करू नका आणि विहिरीच्या काठावरही करू नका. धुतलेलं पाणी सांडपाण्याच्या खड्ड्यात सोडा.

वासासाठी फिनेल किंवा डांबरगोळ्या मात्र घालू नका. दोन्ही कुत्र्या-मांजराला विषारी आहेत, मांजराला जास्तच. ब्लीच वापरायचंच असेल तर आधी लघवी पूर्ण धुऊन काढा. लघवी किंवा संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं की घातक वायू निघतो.

आता वाळवणं. निम्मं औषध इथेच आहे. पिसवांच्या अळीला दमट हवा लागते, कोरड्यात ती जगत नाही. म्हणून तर पावसाळ्यात पिसवा वाढतात. पोतं घडी करून टाकू नका. दोरीवर पूर्ण पसरा किंवा तापलेल्या पत्र्यावर, खडकावर टाका. दुपारी उलटं करा. वरून वाळलं म्हणजे आतून वाळलं असं नाही. शिवणीत आणि जाड घडीत बोट दाबून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, अजून एक दिवस ऊन द्या. ओलसर पोतं परत टाकलं तर कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि अळ्यांना हवी ती जागा आपणच करून देतो.

पावसाळ्यात कडक ऊन मिळत नाही. तेव्हा एक युक्ती करा. प्रत्येक जनावरासाठी दोन अंथरुणं ठेवा, एक वापरात, एक वाळत. जाड गादीऐवजी पातळ थर वापरा. जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवा, एका बाजूला नाडी ठेवा आणि आत चिंध्या भरा. धुताना चिंध्या बाहेर काढायच्या, म्हणजे सगळं वेगवेगळं वाळतं. चुलीच्या उबेला वाळवायचं असेल तर हातभर लांब टांगा, जाळावर नको. फोमची गादी आपल्याकडच्या पावसात आतून वाळतच नाही, ती नकोच.

पोतं कुठलं घ्यायचं, यालाही महत्त्व आहे. धान्याचं तागाचं पोतं चांगलं. खताचं, कीटकनाशकाचं किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं कितीही धुतलं तरी जनावराखाली घालू नका. तसंच पिकावर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर किंवा अंथरुणावर मारू नका. त्यावर आपलीच मुलं खेळतात. आणि कुत्र्याला लावायचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजर मरू शकतं. कुठलं औषध, किती आणि कशाला, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गावात पशुसखी असेल तर ती दवाखान्याची वाट दाखवेल.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून करायची असते. पिल्लू रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन गेलं, तर तो पार्वो असू शकतो. त्याचं पोतं धुऊन ठेवू नका. तागाचं असेल तर जाळा, प्लास्टिकचं असेल तर खोल पुरा. हे जंतू त्या जागेत कित्येक महिने टिकतात. लस न दिलेलं नवं पिल्लू त्या कोपऱ्यात आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोतं, जनावर आणि जमीन, तिन्ही कामं एकाच दिवशी करा. सकाळी पोतं उन्हात पडलं की दवाखान्यातून आणलेलं औषध जनावराला लावा आणि ते झोपतं तो कोपरा झाडून काढा. भिंतीच्या भेगा मातीने किंवा सिमेंटने बुजवा, कारण गोचीड तिथेच अंडी घालते. मातीची जमीन असेल तर भेगा बुजवून मग सारवा. तिन्हीतलं एक राहिलं तर बाकी दोन्ही वाया जातात. कोषातल्या पिसवा पहिल्या धुण्याला सगळ्याच मरतील असं नाही, त्यामुळे आठवड्याने परत धुवा. निदान महिनाभर दर आठवड्याला. नंतर पावसाळ्यात आठवड्याला आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पुरतं.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पांढऱ्या फडक्याची परीक्षा घरी करून या. किती जणींच्या फडक्यावर तांबूस डाग पसरला ते मोजा. गल्लीतली कुत्री चार घरांत फिरतात. त्यामुळे एकीनेच धुऊन भागत नाही. एक वार ठरवा आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीची पोती उन्हात पडू द्या.

मोत्या रात्रभर जागून आपलं दार राखतो, मनी आपल्या धान्याची राखण करते. त्यांच्याखाली कोरडं, स्वच्छ अंथरूण घातलं तर आपली लेकरंही रात्री न खाजवता झोपतील.