मूल कोणीं उचललें?

ऋग्वेदाचा पहिला शब्दच ‘अग्नि’ आहे. देवघरांतील समईपासून गॅसच्या शेगडीपर्यंत या देवतेशीं आमच्या घरांचा नित्याचा संबंध. परंतु ती कोपली असतां घरांतील तान्ह्या मुलाचें काय करावयाचें, याचा विचार आधीं किती कुटुंबांत झालेला असतो?

सुमारें तीस वर्षांपूर्वीं सीताबर्डींतील आमच्या राहत्या वाड्यांत ऐन दिवाळींत पणतीनें पडदा पेटला. घरांत लहानथोर चौदा माणसें. सर्वजण अंगणांत धांवलीं. तेथें मातोश्रींनीं विचारलें, “मूल कोणीं उचललें?” धाकट्या भावजयीस वाटलें, तें आत्याबाईंजवळ आहे, आत्याबाईंस वाटलें, काकूंजवळ. आणि चार महिन्यांचें बाळ माजघरांत पाळण्यांतच! धाकट्या बंधूंनीं वांकून आंत जाऊन त्यास बाहेर आणलें. ईश्वरकृपेनें तें वांचलें. एकत्र कुटुंबांत मूल सर्वांचें असतें, हें त्याचें भाग्य. पण संकटकाळीं जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें, हा धडा आम्हीं त्या रात्रीं घेतला.

सर्वच मुलांचें दैव असें बलवत्तर नसतें. नागपुराहून सुमारें साठ किलोमीटरांवरील भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, नवजात शिशूंच्या कक्षास आग लागली. सतरा अर्भकांपैकीं सात वांचविलीं गेलीं; दहा मृत्यु पावलीं. कांहीं होरपळलीं, कांहीं धुरानें गुदमरलीं. ज्वाळा पोंचण्यापूर्वींच धूर घात करितो. अर्भकाचा श्वास मोठ्यांपेक्षां जलद चालतो, म्हणून विषारी वायु त्याच्या इवल्या देहांत लौकर भिनतो. आणि उठून पळणें तर त्यास शक्यच नसतें.

अग्निशमन दल म्हटलें कीं लाल गाडी व घंटा एवढेंच आपणांस आठवतें. परंतु आग लागण्यापूर्वींचें शिक्षण हेंही त्या दलाचें कार्य आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात, व त्यांत ठिकठिकाणीं शाळांतून आणि रुग्णालयांतून प्रात्यक्षिकें होतात. देशभरच्या अग्निशमन-अधिकाऱ्यांस शिकविणारें राष्ट्रीय महाविद्यालय तर १९५७ पासून नागपुरांतच आहे. गंगा दारीं असतां आपण तहानलेले कां राहावें?

कायदाही आपल्या बाजूस आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमान्वये रुग्णालयासारख्या इमारतींच्या चालकांनीं अग्निसुरक्षेचीं साधनें सुस्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर जानेवारींत व जुलैंत सादर करावयाचें असतें. लेक-सून बाळंतपणास जावयाची असेल तेव्हां खोलीच्या भाड्याबरोबर या प्रमाणपत्राचीही चौकशी अवश्य करावी. तींत संकोच कसला?

घरीं करावयाचें तें याहून सोपें आहे. तान्ह्या मुलास कोणीं उचलावयाचें, व ती व्यक्ति घरीं नसल्यास कोणीं, हें नांवानिशीं ठरवावें. बाहेर जमण्याची जागा एकच असावी, व तेथें शिरगणती करावी. चालतीं मुलें भयानें पलंगाखालीं वा कपाटांत दडतात. त्यांस ‘लपूं नये, बाहेर यावें, धूर असल्यास रांगत यावें’ असें खेळांतून शिकवावें. भाजल्यावर तूप वा दंतमंजन न लावतां त्या भागावर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें, व मूल लहान असल्यास वैद्याकडे न्यावेंच. आणि सीताबर्डीसारख्या दाट वस्तींत आपलें वाहन बोळाच्या तोंडाशीं उभें करूं नये. बंबाची वाट तीच असते.

सायंकाळीं दिवा लागला कीं आपलीं मुलें शुभंकरोति म्हणतात. त्यापाठोपाठ घराचा पत्ता आणि १०१ हा क्रमांक त्यांच्याकडून रोज म्हणवून घ्यावा. आणि आज रात्रीं पंगत उठण्यापूर्वीं सर्वांसमक्ष एकदां विचारावें: आपलें मूल कोण उचलणार?